अनुभवाला साक्ष लागते

कुळगाव, बदलापूर
६ जानेवारी १९९२

श्री. सूत्रधार यांस,
नियमापुरता नमस्कार.

तुमच्याच नियमाप्रमाणे लिहिते आहे. टेबलावर भांडायचं नाही, तक्रार पोस्टाने करायची, आणि ती अशी लिहायची की खेळ कधी न पाहिलेल्या माणसालाही कळावी. तर घ्या.

दर रविवारी अंबरनाथला तुमच्या घरी आम्ही चौघं जमतो. तुम्ही गोष्ट सांगता आणि तिच्यातल्या झाडून सगळ्या परक्या माणसांच्या वतीने बोलता. आम्ही प्रत्येकी एक पात्र चालवतो. शशिकांतचा सरदार, दिनानाथचा चोर, बबनचा कोळी आणि माझी गोदाक्का, औषधी मुळ्या विकणारी बाई. नशिबाचा प्रश्न आला की फासे टाकतो. खेळ संपला की तुम्ही ज्याला-त्याला अनुभव देता, कोणाला तीन, कोणाला पाच. ते साठवायचे आणि त्यांतून आपल्या पात्राची एखादी कुवत वाढवायची. तलवार सातवरून आठवर, पोहणं चारवरून पाचवर. मात्र वाढवताना टेबलावरच्या दोघांनी हात वर करून साक्ष द्यावी लागते की होय, या पात्राने ही कुवत खरोखर वापरली, आम्ही पाहिलं. साक्ष नाही तर वाढ नाही.

माझ्याकडे एकसष्ट अनुभव पडून आहेत. गोदाक्काचं 'मन वळवणं' आठवर आहे. साठ अनुभव घातले की ते दहावर जातं. आणि ज्याची एखादी कुवत दहावर, त्यालाच सूत्रधाराच्या खुर्चीत बसता येतं, हाही नियम तुमचाच. मार्चमध्ये तुमची बडोद्याला बदली होते आहे. खुर्ची रिकामी होणार. मला ती हवी आहे. यात लपवण्यासारखं काही नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी गोदाक्काने घाटावरच्या किल्लेदाराशी नुसतं बोलून दरवाजा उघडवला. एकही फासा पडला नाही, कोणाला खरचटलं नाही. काल मी त्याची साक्ष मागितली तर तिघंही पंख्याकडे बघत बसले. दिनानाथ म्हणाला, "त्या दिवशी काही घडलंच नव्हतं ना?" तुम्ही म्हणालात, साक्ष नाही, पुढे चला.

साक्ष पुन्हा मागितली जावी आणि या वेळी तुम्ही तोंड उघडावं, एवढीच मागणी आहे.

नीलिमा
(तुमची मामेबहीण. तक्रारीत नातं आणायचं नसतं म्हणून सहीखाली लिहिलं.)


अंबरनाथ (पूर्व)
११ जानेवारी १९९२

चि. नीलिमास,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. भाषा आवडली नाही. मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे आणि प्लान्टवर चाळीस माणसे माझ्या हाताखाली आहेत. त्यांच्यापैकी कोणी मला असे लिहिलेले नाही.

साक्षीचा नियम का झाला ते तू सोयीने विसरलीस. दिनानाथच्या भावाने परदेशातून आणलेल्या या खेळाच्या पुस्तकाची आपण उल्हासनगरला झेरॉक्स काढली, तेव्हा अनुभव कसे खर्च करावेत तीच पाने दुकानदाराने गाळली. आपल्या लक्षात येईपर्यंत पुस्तक परत गेले होते. तो भाग आपल्याला रचावा लागला. सुरुवातीला ज्याला जे वाटेल ते तो वाढवत असे. दिनानाथच्या चोराने ओढासुद्धा ओलांडला नव्हता आणि त्याचे पोहणे नऊवर गेले होते. असला पोरकटपणा थांबावा म्हणून साक्ष आणली. तेव्हा तूही हो म्हणाली होतीस.

किल्लेदाराचे म्हणशील तर किल्लेदार मीच होतो. दरवाजा मी उघडला, कारण उशीर झाला होता आणि तुला बदलापूरला परत जायचे होते. तू बोलत होतीस हे खरे. पण बोलणे ते तू एरवीही करतेस. त्याला कुवत म्हणायचे तर कुळगावातल्या निम्म्या बायका दहावर जातील.

राहिली खुर्ची. सूत्रधाराला आवाज लागतो. चार माणसे धाकात ठेवावी लागतात. आज ना उद्या तुझे लग्न ठरेल, मग तू कुठे आणि खेळ कुठे. विषय इथेच संपवावा.

हेमचंद्र


कुळगाव, बदलापूर
१५ जानेवारी १९९२

हेमदादा,

काल संक्रांत होती, गोड बोलायला पाहिजे होतं, म्हणून एक दिवस थांबले. आता तो प्रश्न नाही.

माझं ते 'तुम्ही-आम्ही' पुरे झालं. तू मला मामाची पोरगी म्हणून माझी जागा दाखवणार असशील तर मीही तुला आत्याचा हेम म्हणूनच लिहिते.

शशिकांतने मागच्या मे महिन्यात तलवार वाढवायला मागितली. त्याचं वाक्य संपायच्या आत तीन हात वर. त्यातला एक माझा होता. कारण मी पाहिलं होतं. त्याने पुलावर चौघांना कापलं आणि मी ते पाहिलं, म्हणून हात वर केला, बस. बबनच्या कोळ्याने वादळात होडी सावरली, तेव्हाही केला. दिनानाथच्या त्या फालतू चोराने कुलूप उघडलं, तेव्हाही. गेली चार वर्षं मी तुमच्या सगळ्यांची साक्षीदार आहे. आणि माझ्या वेळी काय? गोदाक्काने सरदाराचा ताप उतरवला, साक्ष नाही. कारण तो झोपला होता. तिने दोन गावांतलं भांडण मिटवलं, साक्ष नाही. कारण मिटलं म्हणजे काही झालंच नाही. कोणी पडल्याशिवाय तुम्हाला काही घडलेलं दिसत नाही का रे?

बोलणं मी एरवीही करते, हे मात्र अगदी खरं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमच्या दुकानात रंग गेलेलं कापड घेऊन गिऱ्हाईक अंगावर येतं ना, तेव्हा सेठ मला पुढे करतात. म्हणतात, "नीलिमा, तू बात कर, मेरे से तो बिगड़ेगा." आणि गिऱ्हाईक चहा पिऊन, वर आणखी एक पीस घेऊन जातं. सेठला ती कुवत दिसते. तिचाच पगार देतात ते. तुझ्या टेबलावर मात्र ती बडबड.

दोन साक्षीदार हवेत ना? मी उमावहिनींचं नाव देते. त्या दिवशी त्या तिथे होत्या. दुसरा बबन. त्याला विचार, पण शशिकांत शेजारी नसताना विचार.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
२० जानेवारी १९९२

चि. नीलिमास,

उमा खेळात नाही. ती चहा आणते, कप नेते, आत-बाहेर करत असते. तिला सरदार कोण आणि चोर कोण हेही सांगता येणार नाही. माझ्या बायकोला यात ओढू नकोस.

बबनला विचारले. त्याला आठवत नाही.

येत्या रविवारी खेळ नाही. मला प्लान्टवर जावे लागणार आहे. उगाच हेलपाटा घालू नकोस.

हेमचंद्र


कुळगाव, बदलापूर
२९ जानेवारी १९९२

हेमदादा,

बबन काल दुकानात आला होता, भाच्याला पँट घ्यायला. मला बघून म्हणाला, "ताय, बरी हायस ना? रविवारी आली नायस, मना वाटला आजारी परली."

म्हणजे रविवारी खेळ होता. तू प्लान्टवर नव्हतास, खुर्चीत होतास. आणि मग खुर्चीतून उठलास आणि तिथे शशिकांतला बसवलंस. टाळ्या वाजल्या म्हणे. पेढेही होते.

तू माझ्याशी खोटं बोललास. सरळ लिहिलं असतंस की पोरीला खुर्ची देणार नाही, तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसले असते. पण तू मला नियम वाचून दाखवत राहिलास आणि पाठीमागे पेढे आणून ठेवलेस. खडूस माणूस परवडला, पण नियम दाखवून फसवणारा नको.

आणि बबनला आठवत नाही असं लिहिलंस ना? मी त्याला विचारलं. आधी तो पँटचा भाव करत बसला. मग म्हणाला, "मना सगला आठवतंय, ताय. पन शशीसाहेब माझे सुपरवायझर. त्यांचा हात खाली आन् माझा वर, तं सोमवारपासून मी कायमचा नाइटला." पालेगावहून रोज सायकल मारत येणाऱ्या माणसाला तुम्ही कशात अडकवलंत ते बघ. मी त्याला साक्ष दे म्हणून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

शशिकांतकडे दहाची तलवार आहे. बसू दे त्याला. पण माझे अनुभव कशाने अडले ते मला तुझ्याकडून सरळ ऐकायचं आहे. नऊ तारखेला रविवार आहे. मी येणार, आणि टेबलावर सगळ्यांसमोर विचारणार.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
३ फेब्रुवारी १९९२

नीलिमा,

होय, खेळ झाला. तू आली असतीस तर तमाशा झाला असता, म्हणून तुला कळवले नाही. घर माझे, टेबल माझे, चार वर्षे दर रविवारी घसा मी कोरडा केला. खुर्ची कोणाला द्यावी हे मी ठरवले तर कोणाच्या बापाचे काय गेले?

शशिकांत बोलला की लोक ऐकतात. तू सूत्रधार झालीस तर पहिल्याच रविवारी हसे होईल. ते होऊ नये म्हणून मी वाईटपणा घेतला. याची जाण ठेवायची सोडून तू मला खोटारडा म्हणतेस.

आता लिहायला लावलेसच म्हणून लिहितो. मामा मला म्हणाले आहेत की नीलिमाचे रविवारी अंबरनाथला येणे बंद झाले तर बरे. स्थळे येतात आणि तू खेळाचे निमित्त सांगून टाळतेस. तुझ्या वडिलांचा शब्द मला तुझ्या गोदाक्कापेक्षा मोठा आहे.

नऊ तारखेला येऊ नकोस. आलीस तर दार उघडले जाणार नाही.

हेमचंद्र


अंबरनाथ (पूर्व)
६ फेब्रुवारी १९९२

सूत्रधारांस,
उमाचा नमस्कार.

तक्रार पोस्टाने करायची हा तुमचा नियम, म्हणून तुमच्याच घरातून तुमच्याच पत्त्यावर पाठवते आहे. घरात बोलले असते, पण मी बोलायला लागले की तुम्ही रेडिओ मोठा करता. नीलिमाने मला काही सांगितलेलं नाही. तिची पत्रं तुम्ही उघडी टाकून जाता आणि केर मी काढते.

सरदार कोण, चोर कोण हे मला सांगता येणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. सरदाराचा डावा खांदा पुलावरच्या मारामारीपासून दुखरा आहे. चोराला कुत्र्यांची भीती वाटते. कोळ्याच्या बहिणीचं लग्न राहिलं आहे, ते तुम्ही दर वेळी विसरता आणि बबनभाऊजी बिचारे आठवण करून देत नाहीत. आणखी सांगू का?

चार वर्षं त्या टेबलावर चहा मी आणते. तलवारी चालू असताना तुम्ही सगळे व्यवस्थित चहा पिता. माणसं मरत असतात आणि दिनानाथभाऊजी आणखी साखर मागतात. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मी ट्रे ठेवला आणि कोणी हात लावला नाही. चहावर साय धरली. मी कप उचलायला आले तेही कोणाला कळलं नाही, म्हणून मग मीही तिथेच उभी राहिले. गोदाक्का किल्लेदाराला म्हणाली, "तू दरवाजा शत्रूच्या भीतीने बंद ठेवत नाहीस. आत कोणी उरलं नाही, हे बाहेर कळू नये म्हणून ठेवतोस." शशिकांतभाऊजींनी सिगारेट पेटवायला काडी ओढली आणि ती बोटापर्यंत जळली. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत. उशीर झालाय हे मी सांगितलं, दरवाजा उघडून झाल्यावर.

त्या दिवशी जेवताना तुम्ही मला म्हणालात, "पोरीने मला जागाच ठेवली नाही. मला दरवाजा उघडायचा नव्हता गं." मी आमटी वाढत होते. तुम्हाला वाटलं असेल, वाढणारीला ऐकू येत नाही.

मामांचंही खोटं लिहिलंत. त्यांनी एवढंच विचारलं होतं की नीलिमाला परत जाताना सोबत कोण असतं. तेव्हाही मी चहाच देत होते.

तर एक साक्ष माझी. तिथे उभी होते, पाहिलं, हात वर करते. बबनभाऊजींना विचारू नका, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. दुसरे साक्षीदार तुम्ही. ज्याचं मन वळलं तो तुम्ही होतात. त्याहून जवळून कोणी पाहिलेलं नाही.

रविवारी नीलिमा आली तर दार मी उघडेन. तुम्हाला नाही आवडलं तर त्याचीही तक्रार पोस्टाने करा.

उमा


अंबरनाथ (पूर्व)
१० फेब्रुवारी १९९२

नीलिमा,

काल तू जे ऐकलेस ते लेखी हवे म्हणालीस, म्हणून हे पत्र.

किल्लेदार वळला होता. साक्षी दोन, उमा आणि मी. एकसष्टपैकी साठ अनुभव खर्च, मन वळवणे दहावर.

शशिकांत आणि दिनानाथ काल उठून गेले ते परत येणार नाहीत, असा आज प्लान्टवर निरोप मिळाला. फासे दिनानाथचे, तो ते घेऊन गेला. बायकी पंचायतीत बसणार नाही, असे शशिकांतचे शब्द आहेत आणि मला त्यात फार चूक दिसत नाही. उमाचे पत्र पोस्टमनने शेजारच्यांसमोर माझ्या हातात दिले. पाठवणाऱ्याचे नाव वाचून तो हसला. हे तुझ्यामुळे.

खुर्ची घे. समोर कोण बसते ते बघ.

हेमचंद्र


कुळगाव, बदलापूर
२२ जून १९९२

हेमदादा,

बडोद्याहून आलेलं तुझं पत्र वहिनींनी मला दिलं. खोलीवर एकटा असतोस, गुजराती जमत नाही, संध्याकाळी बोलायला कोणी नाही, असं लिहिलं आहेस. वाचून वाईट वाटलं, पण फार नाही.

समोर कोण बसतं ते बघ म्हणाला होतास. तू गेल्यावर पहिल्या रविवारी तुझ्याच घरी वहिनी आणि मी, दोघीच होतो. वहिनी टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि दहा मिनिटांनी उठून चहा ठेवायला निघाल्या. मी म्हटलं, बसा, ज्याला हवा तो करून घेईल. मग माझ्या दुकानातली सरस्वती यायला लागली, तिच्या मागे वहिनींच्या शेजारच्या अंजनी. वहिनी चोरीत अशा काही तरबेज निघाल्या की दिनानाथने बघायला पाहिजे होतं. बबन पहिले दोन रविवार आला नाही, तिसऱ्याला आला. शशिकांतला कळायला दोन दिवस लागले, आणि बबनला नाइट लागली. आता तो शनिवारची रात्रपाळी करून, दोन तास झोपून येतो. मी त्याला म्हटलं, नको येऊस, जीव मारून खेळू नकोस. तो म्हणाला, "मंग कोल्याच्या बहिनीचा लगीन कोन लावील?" फासे पालेगावच्या सुताराकडून करून आणले त्याने. एक बाजू जड आहे, पण ती सगळ्यांनाच जड आहे. बाबा मला न्यायला येतात आणि कोपऱ्यात पेपर धरून ऐकत बसतात. पान उलटत नाहीत.

आता तुझं. पोस्टाने खेळता येईल का, असं विचारलं आहेस. येईल. तुझी चाल तू लिहायची, इथे काय झालं ते मी लिहीन. सावकाश होईल, पण होईल.

पण पुढे जे लिहिलंस त्याचं उत्तर वेगळं आहे. चार वर्षं तू टेबल चालवलंस, तेव्हा तुझ्या पात्राला अगदी नवख्यासारखं सुरू करायला लावू नये, निदान 'माणसं सांभाळणं' तरी सातवर धरावं, असं तुझं म्हणणं. दादा, साक्षीचा नियम मी काढून टाकलेला नाही. खुर्चीत बसल्यावर काढता आला असता. मी एवढंच केलं, आता हात वर करणाऱ्याची नोकरी दुसऱ्या हात वर करणाऱ्याच्या हातात नसते.

म्हणून काल तुझं पत्र टेबलावर वाचून दाखवलं आणि विचारलं, हेमदादाने या टेबलावर माणसं सांभाळली, हे कोणी पाहिलं आहे का. सरस्वती आणि अंजनी तेव्हा नव्हत्या, त्यांचा प्रश्न नाही. बबन फडक्याने फासे पुसत बसला. मग मी वहिनींकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या रडत होत्या, पण हात त्यांनी उचलला नाही.

माझाही उठला नाही. पात्राचं नाव कळव. कुवती सगळ्या एकवर धरते.

नीलिमा